जुन्या फोटोवरून हॉलच्या भिंतीवर चित्र काढायचंय, कोणी केलंय का घरी?

अंत्रुजवाली · २ मार्च, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या हॉलमध्ये सोफ्यासमोरची भिंत मोकळी आहे, १२ फूट रुंद, १० फूट उंच. तिच्यावर आईच्या माहेरचा एक जुना फोटो मोठा करून रंगवायचा असं डोक्यात घेतलंय. माहेर म्हणजे कुर्डी. कुर्टी नव्हे, कुर्डी. मी राहते फोंड्यात कुर्टीला त्यामुळे हा घोळ आमच्याकडे रोजचा, कुरियरवाल्यापासून जावेपर्यंत सगळे करतात. सांगे तालुक्यातलं कुर्डी, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं ते. आईचं घर त्यातच गेलं, आजोबा मग वाळकिणीला आले. त्या घराचा एकुलता एक फोटो आहे, ब्लॅक अँड व्हाइट, पोस्टकार्डाएवढा, आई तेव्हा अकरा-बारा वर्षांची. घर, पुढे खळं (अंगण), तुळस, आजोबा-आजी, एक काकू, फ्रॉकमधली आई, एक गाय आणि कडेला आंब्याचं झाड.

आई सध्या मुंबईला भावाकडे आहे, एप्रिलच्या मध्यावर येईल, त्याआधी करून तिला चकित करायचंय. चित्रकलेचं म्हणाल तर शाळेत बरी होते आणि चवथीला मखराच्या मागचा पडदा दरवर्षी मीच रंगवते, बस तेवढंच. एवढासा फोटो एवढ्या मोठ्या भिंतीवर न्यायचा कसा, रंग कुठले घ्यायचे आणि काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग ठरवायचे कसे, तिन्ही प्रश्न आहेत. भिंत १२ फूट आहे तर १२ बाय ६ चं करावं म्हणते.

---

डिचोलीचा_दामू · २ मार्च, रात्री १०:४१

ताई कशाला जीव दमवताय, फोटो स्कॅन करा, विनाइलवर प्रिंट मारा, चिकटवा. तीन तासात काम खतम. हल्ली सगळे तेच करतात.

---

अंत्रुजवाली · २ मार्च, रात्री १०:५५

ते मीही बघितलं हो. पण फोटोत माणसांची तोंडं तांदळाच्या दाण्याएवढी आहेत, एवढा मोठा प्रिंट काढला की नुसते ठिपके दिसतात, दुकानदारानेच कॉम्प्युटरवर मोठं करून दाखवलं. आणि खरं सांगू, मलाच काढायचंय.

---

रंगारी_बाब · ३ मार्च, सकाळी ६:१०

बाय, शेवटचं वाक्य लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर मी उत्तर देणार नव्हतो.

मी तीस वर्षं बोर्ड रंगवले आणि जत्रेच्या नाटकांचे पडदे. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ, सगळे पडदे कॅलेंडरच्या नाहीतर मासिकातल्या चित्रावरून. वीतभर चित्राचा वीस फुटी पडदा व्हायचा आणि आमच्याकडे मशीन म्हणजे एक सुतळी आणि खडूची पूड. चौकटी मारायच्या. तुझंही तसंच होईल.

पहिली गोष्ट, १२ बाय ६ डोक्यातून काढ. चित्राची लांबी-रुंदी ज्या हिशोबात आहे त्याच हिशोबात भिंतीवर जायला पाहिजे. फोटो भिंतीच्या मापाला ताणलास तर तुझी गाय म्हैस होईल आणि आजोबा पेटारा. झेरॉक्सवाल्याकडून फोटोचा १२ इंच बाय ८ इंच प्रिंट काढून घे, पोस्टकार्डाचा थोडा कडेचा भाग कापला जाईल, जाऊ दे. भिंतीवर ९ फूट बाय ६ फूट. म्हणजे प्रिंटवरचा १ इंच भिंतीवर ९ इंच. प्रिंटवर इंचाइंचाच्या चौकटी, भिंतीवर नऊ नऊ इंचाच्या, आडव्या १२ आणि उभ्या ८, एकूण ९६. दोन्हीकडे आडवं अ आ इ ई आणि उभं १ २ ३ लिहून ठेव, नाहीतर दुपारच्या जेवणानंतर कुठल्या घरात आहोत ते कळत नाही, आम्ही एकदा राजवाड्याला चार खिडक्या जास्त काढल्या होत्या.

उभी रेघ ओळंब्यानं घ्यायची, छत किंवा दाराची चौकट बघून नाही. आपली घरं कुठेच काटकोनात नसतात. आडवीला पाण्याची नळी. सुतळी खडूच्या पुडीतून ओढायची, दोघांनी दोन टोकं दाबून धरायची आणि मध्ये ओढून फट्‌कन सोडायची. खडू पांढरा घे, नीळ नको, नीळ नंतर रंगातून वर डोकं काढते. आणि पांढरा दिसायला हवा तर भिंतीला आधी फिकट मातकट रंगाचा एक हात दे, अगदी पांढऱ्या भिंतीवर कधी काम सुरू करू नये, नजर बसत नाही.

मग काढताना हा माणूस, ही गाय असं काही बघायचं नाही. एका घरात बघायचं, रेघ कुठून आत शिरली आणि कुठून बाहेर पडली. डावीकडून वरच्या पाव भागात शिरली, खाली मधून बाहेर गेली, संपलं. नाक म्हणून काढशील तर चुकशील, रेघ म्हणून काढलीस तर नाक आपोआप येतं. तोंडाच्या जागी एका घराची चार घरं कर.

---

म्हापसा_शुक्रवार · ३ मार्च, दुपारी १:३०

बाब, काय सुंदर लिहिलंय 🙏

माझा अनुभव प्रोजेक्टरचा. मी जेवणघरात मारिओ मिरांडांच्या धर्तीवर बाजार काढला होता, आपल्या पणजी मार्केटात भिंतींवर आहेत ना त्यांची चित्रं, ती बघून डोक्यात आलेलं. भाड्याचा प्रोजेक्टर आणला, रात्री काळोख करून पेन्सिलीने गिरवलं, तीन तासात आखणी झाली. पण दोन गोष्टी. प्रोजेक्टर भिंतीला अगदी सरळ नसला की चित्र वर फाकतं, माझ्या मासळीवाल्या बायका वरून रुंद खालून निमुळत्या झाल्या. आणि ९ फुटी चित्र पाडायला मागे भरपूर जागा लागते, साध्या खोलीत होत नाही. शिवाय आपलीच सावली मध्ये येते. गिरवताना हात नुसता धावतो, काय काढतोय ते डोक्यात शिरत नाही, सकाळी दिवा लावून बघितलं तर अर्ध्या रेघा कशाच्या तेच कळेना.

आता पाहुणे येतात आणि म्हणतात वा, अगदी कॅफेसारखं दिसतंय. मला राग येतो पण चूक त्यांची नाही, कळंगुटपासून काणकोणपर्यंत दर दुसऱ्या कॅफेच्या भिंतीवर तेच आहे. तुझ्या आईच्या घराचा फोटो दुसऱ्या कोणाकडे नाही, ते काढ बाई.

---

नळे_आणि_कौले · ३ मार्च, रात्री ९:०५

चित्राबद्दल सगळे बोलतायत, भिंतीबद्दल कोणीच नाही. भिंत कुठली आहे? बाहेरची की आतली, चिऱ्याची (जांभ्या दगडाची) की विटांची, कुठल्या दिशेला तोंड, पावसात पोपडे येतात का? हे आधी सांगा.

---

अंत्रुजवाली · ३ मार्च, रात्री ९:४८

बाहेरचीच आहे, पश्चिमेची, चिऱ्याची, वर सिमेंटचा गिलावा. घर ९४ साली बांधलेलं. पोपडे... हो, खाली येतात, दर चवथीच्या आधी आम्ही खरवडून रंग मारतो. त्या बाजूला सोफा असायचा म्हणून दिसायचं नाही 😅

---

नळे_आणि_कौले · ३ मार्च, रात्री १०:३०

वाटलंच होतं. चिरा म्हणजे स्पंज. पश्चिमेकडून पाऊस झोडपतो, खाली पायातूनही ओल वर चढते. तुम्ही त्याच्यावर इमल्शन मारता, इमल्शन म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, आतली वाफ बाहेर पडायला बघते, वाट मिळत नाही, मग फुगा येतो आणि पोपडा सुटतो. वर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते ना, ती बुरशी नव्हे, पाण्याबरोबर आलेले क्षार आहेत, हात लावला तर मिठासारखे खडबडीत लागतात.

एक चाचणी करा. फूटभर जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली. असे तीन तुकडे लावा, जमिनीपासून १ फूट, अडीच फूट आणि ५ फुटांवर.

आणि हे लक्षात ठेवा की मार्चमध्ये कोरडी निघाली तरी तिच्यावर विश्वास नाही. गोव्यात भिंतीची खरी परीक्षा जुलैत.

---

अंत्रुजवाली · ६ मार्च, रात्री ८:१५

केली चाचणी. १ फुटावर आतून थेंब. मार्चमध्ये! अडीच आणि ५ फुटांवर कोरडं. आता काय, सोडून देऊ?

---

नळे_आणि_कौले · ६ मार्च, रात्री ८:५०

सोडू नका. चित्र वर घ्या. जमिनीपासून अडीच फूट पट्टा मोकळा सोडा, त्यावर ६ फूट चित्र, वर दीड फूट राहतं, बरोबर बसतं. खालच्या अडीच फुटातला जुना रंग पार गिलाव्यापर्यंत खरवडून काढा आणि तिथे इमल्शन अजिबात नको, चुना द्या. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, ओल येईल आणि वाळेल, पोपडा येणार नाही. जुन्या प्लास्टिक रंगावर चुना धरत नाही म्हणून खरवडणं टाळू नका. सिमेंटच्या गिलाव्यावर चुना जुन्या भिंतीसारखा मुरत नाही, तेव्हा भिंत ओली करून पातळ पातळ चार-पाच हात.

आणि बाहेरून पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडत असेल तर ते आधी थांबवा, आत काहीही केलंत तरी त्याला उपाय नाही.

---

पेडणेकरीण · ६ मार्च, रात्री १०:०२

चुन्याचा विषय निघाला म्हणून. खालचा पट्टा नुसता पांढरा का ठेवतेस, कावेचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा, कर ना. जुन्या घरांना खाली तांबडा पट्टा असायचाच.

आमच्या इथे मोरजीला मोरजाईच्या देवळात कावीची चित्रं आहेत, कधी आलीस तर बघ. ती रंगवलेली नसतात, कोरलेली असतात. खाली पांढऱ्या चुन्याचा गिलावा, वर तांबड्या कावेचा थर, तो ओला असतानाच कंपासाने आणि लोखंडी अणीने खरवडायचं की खालचा पांढरा दिसतो. लाल आणि पांढरा, तिसरा रंगच नाही. चूक झाली तर खोडायची सोय नाही. मी घरी एका लादीवर करून बघितलं, कमळ काढायला गेले आणि कोबी झाला.

---

नळे_आणि_कौले · ६ मार्च, रात्री १०:२०

+१, कावेचा पट्टा उत्तम. चुन्यात मातीचे रंग टिकतात, काव, पिवळी माती, लाल ऑक्साइड. प्रशियन निळा टाकू नका, चुना त्याला खातो. चुना कालवताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे, कळीचा चुना विझवताना उकळतो, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

---

कोथरूडचा_गोंयकार · ७ मार्च, सकाळी ११:१५

पुण्यातून हजेरी. फोटोग्राफीचा नाद आहे म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

काळ्यापांढऱ्या फोटोतून रंग कळत नाही, तांबडं दार आणि हिरवं पान दोन्ही एकाच करड्या छटेत येऊ शकतात. पण उजेड-काळोख अचूक कळतो आणि चित्र उभं राहतं ते त्याच्यावर. प्रिंटमधल्या पाच छटा ठरवा, सगळ्यात काळी १, पांढरी ५, मधल्या तीन. प्रत्येक चौकटीत बारीक आकडे लिहा. मग रंग कुठलाही वापरा, छटा चुकली नाही म्हणजे झालं. तपासायची सोपी युक्ती, भिंतीचा मोबाइलवर फोटो काढायचा, त्याला ब्लॅक अँड व्हाइट करायचं आणि मूळ फोटोच्या शेजारी धरायचं. जिथे चुकलंय तिथे लगेच डोळ्यात खुपतं.

रंगाचे नमुने भिंतीवरच लावून वाळू द्या, ओलं इमल्शन फिकट दिसतं आणि वाळल्यावर एक छटा गडद होतं. रात्री ट्यूबलाइटखालीही बघा.

आणि चौकटींचं म्हणाल तर पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशाजवळ निळ्या-पांढऱ्या लाद्यांची चित्रं आहेत, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराची, १९३५ सालची, कामोंइशच्या 'लुझियाद' महाकाव्यातले प्रसंग. ती जवळ जाऊन एकेक लादी बघा. एकट्या लादीत घोड्याचा अर्धा गुडघा आणि ढगाचा तुकडा असतो, कशाला काही अर्थ नसतो. रंगारी बाब म्हणतात ते 'रेघ बघ, नाक बघू नको' तिथे समजतं.

---

अंत्रुजवाली · २२ मार्च, रात्री ११:३०

अपडेट. खरवडण्यात पाच दिवस गेले, घरभर धूळ, नवरा नाक दाबून फिरतोय. प्रायमर मारून वाळला, वर फिकट मातकट इमल्शनचे दोन हात दिले. आज मुलाला धरून सुतळी मारली. त्याला त्या फट्‌ आवाजाची एवढी मजा आली की त्याने फ्रिजवर पण एक मारली.

९६ घरं तयार. छत बघून रेघ मारली असती तर एका टोकाला पाऊण इंच उतरली असती, मोजून बघितलं. बाब, तुम्हाला दंडवत.

---

अंत्रुजवाली · ९ एप्रिल, रात्री ११:५०

कोळशाने आखणी चाललीय, ७० घरं झाली. रोज रात्री जेवणं आवरली की दोन तास. घराचं छप्पर आणि आंबा पूर्ण, गाय पूर्ण (म्हैस नाही झाली!). खळ्याच्या भागात अडकले, तिथे फोटोत काहीच नाही, नुसती करडी जमीन, आणि भिंतीवर तीन फूट रिकामं दिसतंय.

---

रंगारी_बाब · १० एप्रिल, सकाळी ५:५५

रिकामं राहू दे. नवीन रंगारी रिकामी जागा दिसली की कोंबडी काढतो.

---

डिचोलीचा_दामू · १० एप्रिल, सकाळी ९:२०

कोंबडी काढाच ताई 😂

---

अंत्रुजवाली · १६ एप्रिल, रात्री १२:४०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

आई आज दुपारी आली. चार दिवस आधीच, भावाला सुट्टी मिळाली म्हणून. चित्र नुसतं कोळशात, रंग एकही नाही, मी आपली हिरमुसले. पिशवी खाली ठेवली आणि बघत उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. तर कपाळाला आठ्या घालून म्हणते, "हें उरफाटें मगो."

म्हटलं काय उलटं? म्हणाली आंबा घराच्या ह्या बाजूला नव्हताच, त्या बाजूला होता. न्हाणी आंब्याकडे, गोठा पलीकडे. मी फोटो आणून दाखवला, बघ, फोटोत आंबा इकडेच आहे. ती फोटोकडे बघेना, भिंतीकडेच बघून सांगत राहिली, मी ह्या दारातून सकाळी बाहेर यायचे तेव्हा आंबा माझ्या डाव्या हाताला असायचा. मी म्हटलं आई पन्नास वर्षं झाली, चुकत असशील. मग तिने भिंतीवर आजीच्या खांद्यावर बोट ठेवलं. पदर उजव्या खांद्यावर. "माझ्या आवयन केन्नाच असो पदर घेवंक ना." म्हणजे तिच्या आईने कधीच असा पदर घेतला नाही.

मग आम्ही दोघी भिंग घेऊन बसलो. आजोबांच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर. पन्नास वर्षं हा फोटो देवघराशेजारी लावलेला आहे, त्याच्यासमोर रोज दिवा लागतो, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता ७० घरांचं काय करू?

---

कोथरूडचा_गोंयकार · १६ एप्रिल, सकाळी ७:३०

अंगावर काटा आला!! आई १०० टक्के बरोबर आहेत. प्रिंट काढताना निगेटिव्ह उलटी ठेवली गेली की असं होतं, डावं-उजवं बदलतं, बाकी सगळं जसंच्या तसं. दुकानाची पाटी वगैरे असती तर अक्षरं उलटी दिसून तेव्हाच पकडलं असतं, पण खळ्यात कुठली पाटी. पदर आणि खिसा हाच पुरावा.

लहान फोटोत आपण तोंडं बघतो. माणसाच्या उंचीचं झाल्यावर त्या घरात राहिलेलं माणूस आत चालायला लागतं, तेव्हाच डावं-उजवं कळतं.

---

म्हापसा_शुक्रवार · १६ एप्रिल, सकाळी ८:१०

मी असते तर तसंच ठेवलं असतं, एवढी मेहनत. कोणाला कळणार आहे?

---

मडगांवची_माय · १६ एप्रिल, सकाळी ८:४४

आईला कळणार ना. रोज समोर बसून चहा घेणार ती.

---

रंगारी_बाब · १६ एप्रिल, सकाळी ९:००

पूस. कोळसा आहे, रंग नाही, रडण्यासारखं काही झालेलं नाही. चौकटी तशाच राहतात, प्रिंट उलटा करून नवा आण. कोरड्या फडक्याने झटक, मग उरलेलं उंड्याच्या आतल्या मऊ पावाने टिप, घासायचं नाही. पूर्वी खोडरबर म्हणून पावच वापरायचे. आणि पुसताना पुसट खुणा राहिल्या तर राहू दे, रंगाखाली जातील.

दुसऱ्यांदा काढशील तेव्हा निम्म्या वेळात होईल. माझं ऐक.

---

अंत्रुजवाली · २५ एप्रिल, रात्री १०:१५

बाब, निम्म्याहून कमी वेळात झालं, आठ दिवसात ९६ घरं. पावाच्या चुऱ्यामुळे मुंग्या आल्या त्या वेगळ्या.

आता रंग. आई स्टूल घेऊन समोर बसते आणि सांगते. दार हिरवं होतं. कावेचा पट्टा होता पण तुळशीचं वृंदावन पांढरं नव्हतं, चुन्यात नीळ टाकायचे म्हणून निळसर होतं. छपराला मंगळुरी कौलं नव्हेत, नळे (अर्धगोल कौलं), आणि त्यातले काही नवीन म्हणून जास्त लाल, कारण आदल्या पावसाळ्यात माकडांनी फोडले होते. फोटोत हे काहीच नाही. गोथरूडवाल्यांच्या (सॉरी, कोथरूडवाल्यांच्या) पाच छटा मी धरून ठेवल्यात, रंग आईचे.

अडचण तोंडांची आहे. फोटोत डोळे नाहीत, नुसती सावली. काकूचा तर फोटोच दुसरा कुठे नाही. डोळे काढू का अंदाजाने?

---

म्हापसा_शुक्रवार · २५ एप्रिल, रात्री १०:४०

काढ ना, बिनडोळ्यांची माणसं हॉलमध्ये कशी दिसतील, रात्री पाणी प्यायला उठल्यावर घाबरायला होईल.

---

कोथरूडचा_गोंयकार · २५ एप्रिल, रात्री ११:०५

नाही, काढू नका. अंदाजाने काढलेले डोळे दुसऱ्याच बाईचे होतील. कपाळाखाली गडद, गालावर मधली, नाकाच्या शेंड्यावर फिकट, बस. ८ फुटांवरून बघणाऱ्याची नजर बाकीचं भरून घेते.

---

रंगारी_बाब · २६ एप्रिल, सकाळी ६:०२

मी मध्ये बोलतो. आधी तोंड न काढता उभं राहणं काढ. खांदे, मान, हात कुठे टेकलाय ते. मग आईला विचार कोण कोण आहे. तिने ओळखलं तर डोळ्यांची गरज नाही.

---

अंत्रुजवाली · ४ मे, रात्री ९:३०

काकूला नुसत्या कोपरावरून ओळखलं. कमरेवर हात आणि एक पाय थोडा पुढे. आई म्हणाली, भांडणार असली की अशीच उभी राहायची. डोळे नाही काढले.

आजीच्या लुगड्याचा रंग मात्र आईला आठवत नाही. तीन दिवस तीन रंग सांगितले. शेवटी म्हणाली तू कर कुठला तो. मी काहीच केलं नाही, तो भाग पाच छटांच्या करड्यातच ठेवलाय, सगळ्या रंगात एकटी आजी काळीपांढरी. आधी विचित्र वाटलं, आता वाटत नाही.

---

पेडणेकरीण · ४ मे, रात्री ९:५५

वाचून गप्प बसले थोडा वेळ.

---

डिचोलीचा_दामू · ५ मे, सकाळी १०:१२

ताई, विनाइलचं बोललो ते मागे घेतो. मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डीला लोक जातात ना सोमेश्वराच्या उत्सवाला? गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव तेच ना?

---

अंत्रुजवाली · ५ मे, रात्री ८:००

हो तेच. दरवर्षी जातो आम्ही. पाणी उतरलं की घरांचे चौथरे दिसतात, मोगूबाईंच्या घराचेही अवशेष आहेत. ह्या वर्षी आईला तिच्या चौथऱ्यावर उभं केलं, दाराच्या जागी, आणि मी मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून समोर धरला. आंब्याचं खोड डाव्या हाताला. मेलेलं, पण आहे.

---

अंत्रुजवाली · १९ जुलै, संध्याकाळी ६:४०

धागा वर काढतेय कारण नळे_आणि_कौले यांनी जुलैत कळवा म्हटलं होतं (की तसं मीच समजले).

पंधरा दिवस पाऊस धो धो. चित्राला काही झालेलं नाही, अजून तरी. कावेच्या पट्ट्यावर ओल आली, जमिनीपासून साधारण दोन फूट, काव तिथे गडद वाइनसारखी दिसते, पण पोपडा एकही नाही. चुना-काव हाताला थोडी लागते, मुलाच्या युनिफॉर्मला दोनदा लागली. आईने चहा पिता पिता पट्ट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उदक आयलें, पूण दारांत येवंक ना."

---

नळे_आणि_कौले · १९ जुलै, रात्री ८:२०

दोन फूट म्हणजे माझ्या अंदाजापेक्षा जास्त आहे. पागोळ्यांचं केलंत का काही?

---

अंत्रुजवाली · १९ जुलै, रात्री ८:३५

...नाही. प्लंबर पाऊस थांबल्यावर येतो म्हणाला.

---

नळे_आणि_कौले · १९ जुलै, रात्री ८:३७

🤦

---

सावर्डेकर_नवा · २१ जुलै, दुपारी ३:१०

सगळा धागा एका दमात वाचला. मला पण वडिलांच्या दुकानाचं करायचंय असंच. रंग किती लागला आणि कुठले डबे घेतले ते सांगाल का?

---

अंत्रुजवाली · २१ जुलै, रात्री ९:४५

चित्र ५४ चौरस फूट. एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण शंभर चौरस फूट जातं, त्यामुळे पाठीमागच्या मातकट रंगाला मोठ्या डब्याची गरज नाही. मी पांढरं इमल्शन ४ लिटर आणि स्टेनरच्या (पांढऱ्यात मिसळायच्या रंगाच्या) बाटल्या सहा घेतल्या, लाल ऑक्साइड, पिवळी माती, हिरवा, निळा, काळा, तपकिरी. स्टेनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या वर टाकू नका, रंग नीट वाळत नाही आणि हाताला येतो. गडद छटांसाठी दुकानातून गडद रंगच कालवून आणा. प्रत्येक छटा झाकणाच्या डब्यात, वर नंबर. पट्टी ब्रश दोन आणि दीड इंची, गोल ब्रश तीन. अर्धा लिटर पांढरा अजून उरलाय, सावर्डे काही लांब नाही, येऊन घेऊन जा. आणि दुकानाच्या फोटोत पाटी आहे का ते आधी बघा, अक्षरं सरळ आहेत ना.

---

सावर्डेकर_नवा · २१ जुलै, रात्री १०:०२

बघितलं. सरळ आहेत 😄 रविवारी येतो डबा न्यायला, आईंना चित्रासमोर बसलेलं बघायचंय.